भाईंची वर्तुळं

आमच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीत ड्रायव्हरसमोर, काचेच्या खाली, एक खरखरणारं यंत्र बसवलेलं होतं. भाईंचं त्या यंत्राशी जितकं पटायचं तितकं आमच्यापैकी कुणाशीच पटायचं नाही. म्हणजे भांडण नव्हतं. भाई कुणाशी भांडायचेच नाहीत. पण आपण काही बोलायला लागलो की ते मान किंचित कलती करून एक कान यंत्राकडे ठेवायचे आणि आपलं सगळं बोलून झालं की विचारायचे, "हां शिष्टर, काय म्हणालात?"

मी त्या गाडीवर नऊ वर्षं नर्स होते. गाडी एका संस्थेची. जुन्नरहून सकाळी निघायची आणि आठवड्याचे पाच दिवस जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या डोंगराकडच्या गावांना जायची. गाडीत आम्ही तिघं. डॉक्टर दर वर्षा-दीड वर्षाने बदलायचे, मी आणि भाई कायम. मी पिंपळवंडीची. आमच्याकडे सपाट रान, कांद्याची शेतं, द्राक्षांचे मांडव, आणि बांधावर कुठंही उभं राहिलं तरी फोन लागतो. डिंभ्याच्या धरणापुढं गेलं की फोन नुसता घड्याळ म्हणून उरतो, हे मला त्या नोकरीत कळलं.

भाई जुन्नरचे. बाप आणि आजा दोघेही कल्हईवाले. पेठेत त्यांचं छोटं दुकान होतं. घरोघरी स्टील आलं आणि धंदा बसला, तेव्हा भाई ड्रायव्हर झाले. नारायणगावहून टोमॅटोचे टेम्पो मुंबईला न्यायचे, मग आमच्या गाडीवर आले. शरीराने बारीक, दाढी कातरलेली, खिशात कायम वेलदोडे आणि एक बुटकी पेन्सिल. बापाची एक गोष्ट ते नेहमी सांगत. कल्हईला आलेलं भांडं बाप आधी बोटाच्या पेराने ठोकायचा, डोळे मिटून ऐकायचा, आणि भेग कुठं आहे ते सांगायचा. "डोळ्याला दिसायच्या आधी भेग कानाला कळती," भाई म्हणायचे. "आमच्या घराण्यात कान हाय, शिष्टर. बाकी काय न्हाई."

त्या कानाला त्यांनी हे यंत्र जोडलं होतं. त्याला ते 'स्कॅनर' म्हणत. आखातात नोकरीला असलेल्या जावयाने आणून दिलेला. सरकारी परीक्षा देऊन, लायसन घेऊन, स्वतःच्या रेडिओवरून एकमेकांशी बोलणारी हौशी माणसं असतात, त्यांना हॅमवाले म्हणतात, हे मला भाईंमुळे कळलं. भाईंनीही ती परीक्षा दिली होती, पन्नाशीला टेकल्यावर, तिसऱ्या खेपेला पास. लायसन प्लास्टिकमध्ये घालून गाडीच्या कागदांबरोबर ठेवलेलं असायचं. यंत्रावर ते फक्त या हॅमवाल्यांची स्टेशनं ऐकायचे. पोलिसांचं, विमानांचं काही ऐकायचं नाही, हा त्यांचा दंडक. "दुसऱ्याच्या घराच्या खिडकीला कान लावायचा न्हाई," म्हणायचे.

गंमत पुढेच आहे. बोलायचंही लायसन असताना ते कधी बोलायचे नाहीत. सीटखाली लोकरीच्या फडक्यात गुंडाळलेला एक हातातला सेट होता, तो दर शनिवारी चार्ज करायचे आणि परत गुंडाळून ठेवायचे. मी एकदा विचारलं, "भाई, तुम्ही का नाही बोलत?"

"ऐकून कुठं संपलंय अजून," ते म्हणाले.

गाडीच्या टपावर चुंबकाने चिकटवलेली एक काळी डबी होती, काडेपेटीएवढी. ती जीपीएसची. तिची वायर खिडकीच्या रबरातून आत यंत्रापर्यंत आलेली. रोज सकाळी भाई आधी ती डबी ओल्या फडक्याने पुसायचे, मग काच, मग आरसा. गाडी कुठं आहे ते डबी यंत्राला सांगायची आणि यंत्र त्याप्रमाणे स्टेशनं बदलायचं. त्यासाठी त्यात आधी ठिकाणं भरून ठेवावी लागत. अमक्या अक्षांश-रेखांशाभोवती इतक्या किलोमीटरचं वर्तुळ. गाडी वर्तुळात शिरली की त्या भागात ऐकू येणारी स्टेशनं आपोआप चालू, बाहेर पडली की बंद. चालता-चालता बटणं दाबायला नकोत, रस्त्यावरची नजर हलायला नको. ड्रायव्हर माणसाला हे फार सोयीचं, असं भाई सांगत.

सोयीचं असेल, पण ऐकू काय यायचं? कुणीतरी पुण्यातला माणूस कुणातरी नाशिकच्या माणसाला आपल्या गच्चीवरच्या तारेची लांबी सांगायचा. कुणी हवापाणी विचारायचं. कुणाचे गुडघे दुखायचे. मी म्हणायचे, "भाई, हे तर आपल्या ओपीडीसारखंच आहे." भाई हसायचे नाहीत. "माणूस आवाजावरनं कळतो," म्हणायचे. "त्या नाशिकवाल्याची बायको आजारी हाय. त्यानं सांगितलं न्हाई कुणाला."

ते कधी डावं-उजवं म्हणायचे नाहीत. "पुढं वडाच्या झाडाला उत्तरंला वळू." "चहाचं दुकान रस्त्याच्या पश्चिमंला हाय." नवीन डॉक्टर पहिले आठ दिवस गोंधळून जायचे. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी कार्यालयाच्या पत्त्याखाली अक्षांश-रेखांश छापले होते, दशांशचिन्हासकट. ओतूरच्या एका म्हाताऱ्या पाहुण्याने तो फोन नंबर समजून दोन दिवस लावला आणि लग्नात येऊन सगळ्यांसमोर भाईंना म्हणाला, "तुमचा नंबर कवाच लागत न्हाई राव."

खोडदकडच्या गावांना आमचं महिन्यातून एक शिबिर असायचं. त्या बाजूला शेतांमध्ये त्या मोठाल्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या आहेत. आभाळातून येणारे बारीक आवाज त्या ऐकतात, असं शाळेत आम्हाला सांगितलं होतं. त्या भागात गाडी शिरली की यंत्र एकदम गप व्हायचं. मला वाटलं बिघडलं. भाईंनी सांगितलं की तिथं त्यांनी मुद्दाम एक रिकामं वर्तुळ भरलंय, ज्यात एकही स्टेशन नाही.

"पण तुमचं यंत्र तर नुसतं ऐकतं. त्याचा त्यांना काय त्रास?"

"तरास न्हाईच. पण तिथं एवढी मोठी मंडळी ऐकत बसल्यात. आपण बी जरा गप बसावं."

मी हे सगळं आता मायेने लिहितेय. तेव्हा ही माया नव्हती. सुरुवातीची दोन वर्षं मला भाईंचा रागच यायचा, आणि त्या रागाला कारण होतं.

यंत्राच्या वर्तुळांत एक खोट होती, ती त्यांना आमच्या रस्त्यावर कळली. डिंभ्याच्या जलाशयाच्या कडेने आम्ही चाललो होतो. यंत्राच्या हिशेबाने गाडी वर्तुळाच्या आत होती, स्टेशन चालू होतं, आणि ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. भाईंनी गाडी बाजूला घेतली आणि मला समोरचा डोंगर दाखवला.

"डबीला आपण कुठं हाय ते बराबर कळतं. पण मधी डोंगर हाय, ते तिला कळत न्हाई. तिला वाटतं सगळी दुनिया ताटासारखी सपाट."

"मग?"

"मग काय. मोठं वर्तुळ मोडायचं. बारकी बारकी करायची. जिथं खरंच ऐकू येतं तिथंच."

आणि ते करायला लागले. प्रत्येक वळणावर, प्रत्येक चढावर गाडी थांबवायची, आकडे बघायचे, कान द्यायचा, पेन्सिलने वहीत लिहायचं. 'इथे येतं.' 'इथे मेलं.' 'पुलावर येतं, पुलाखाली नाही.' अर्धं मिनिट, एक मिनिट. पण तासाभराच्या रस्त्यात असे आठ-दहा थांबे झाले की शिबिराला उशीर व्हायचा. मी सांगायचे, ते "हां शिष्टर" म्हणायचे, आणि पुढच्या वळणावर पुन्हा थांबायचे.

एका गुरुवारी आम्ही आहुप्याला पाऊण तास उशिरा पोचलो. वरच्या वाडीतला एक गुराखी म्हातारा रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला चालत यायचा. त्या दिवशी तो वाट बघून, गुरं मोकळी सुटतील म्हणून, परत गेला होता. त्याच्या गोळ्या तीन दिवसांपूर्वीच संपलेल्या. मी संध्याकाळी घरी आले आणि व्यवस्थापकांच्या नावाने तक्रार लिहिली. दोन पानं. यंत्राची खरखर, विनाकारण थांबणं, परत गेलेला म्हातारा. खाली सही केली आणि 'माझं नाव गुप्त ठेवावं' असंही लिहिलं. ते शेवटचं वाक्य आजही आठवलं की कान तापतात.

व्यवस्थापकांनी भाईंना बोलावलं. कामावर असताना थांबायचं नाही, आणि पेशंट गाडीत असेल तर यंत्र बंद. भाई "बरोबर हाय" म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून एकदाही थांबले नाहीत. मला वाटलं, चला, संपलं.

संपलं नव्हतं. भाई आता रविवारी स्वतःच्या स्कूटरवर जायला लागले. पुढच्या बास्केटात यंत्र, डबी चिकटपट्टीने हेल्मेटला लावलेली. हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. ईदला आम्ही त्यांच्याकडे शिरखुर्मा खायला गेलो होतो तेव्हा भाभी म्हणाल्या, "लोक इतवारला बायकोला फिरवतात. आमच्याकडं डबी फिरते." पण त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. डबा त्याच बांधून द्यायच्या.

पहिल्याच रविवारी भाई आहुप्याच्या त्या वरच्या वाडीवर गेले होते, म्हाताऱ्याच्या गोळ्या घेऊन. गोळ्या त्यांनी आदल्या दिवशी माझ्याकडूनच मागून घेतल्या होत्या. मी दिल्या, कशाला ते विचारलं नाही. म्हातारा घरी नव्हता, गुरांमागे होता. भाई त्याला शोधत देवराई ओलांडून कड्यापर्यंत गेले. तिथं सह्याद्री एकदम तुटतो, खाली कोकण. म्हातारा एका सपाट खडकावर बसलेला. भाईंनी गोळ्या दिल्या, उशीर आपल्या थांबण्यामुळे झाला म्हणून माफी मागितली. म्हातारा म्हणाला, "त्याचं काय यवढं. बसा पावणं." मग म्हणाला, "हितं बसलं का खालच्या गावातला लग्नाचा बँड ऐकू येतो. गावात न्हाई येत. ह्या खडकावच येतो."

भाईंनी तिथंच यंत्र काढलं. खाली मुरबाडकडची, कल्याणकडची स्टेशनं शेजारच्या घरात कुणी बोलावं तशी ऐकू आली. मला हे सांगून भाई म्हणाले, "आपण आकडे लिवत फिरतो, शिष्टर. त्या बाबाला बिनडबीचं ठाव व्हतं."

त्यांनी खडकाभोवती वर्तुळ टाकलं. जेमतेम दोनशे मीटरचं. त्यांच्या यादीतलं सगळ्यात लहान.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. वर्तुळं वाढत गेली, सुरुवातीला तीन होती ती चाळीसच्या पुढं गेली. माझा राग निवत गेला. तक्रारीचं मी त्यांना कधी सांगितलं नाही. दोन-तीनदा तोंडाशी आलं, पण मग भाई मान कलती करून यंत्राकडे कान द्यायचे आणि मी गप बसायचे.

मग जुलैतला तो गुरुवार आला. लावणीचे दिवस. चार दिवस पाऊस थांबलेला नव्हता. आम्ही आहुप्यात शाळेच्या पडवीत शिबिर लावलं होतं. दुपारी साडेबाराच्या सुमाराला चार माणसं एका बाईला घोंगडीत घालून घेऊन आली. हौसा तिचं नाव, वय तिशीचं. खाचरात रोपं लावताना घोट्याला साप चावला होता. नवऱ्याने तो पाहिला होता, घोणस. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलेलं.

गाडीत सापाच्या विषावरचं औषध होतं, पण तिला पुरेल इतकं नव्हतं. डॉक्टरांनी होतं ते सलाइनमधून सुरू केलं. लातूरकडचे तरुण डॉक्टर, हुशार, हात स्थिर. आम्ही तिला गाडीत घेतलं, नवरा पायथ्याशी बसला, आणि भाईंनी चावी लावली. तेवढ्यात मोटरसायकलवरून एक माणूस भिजत आला. खाली घोडेगावला जाणाऱ्या रस्त्यावर, तिरपाड गावाच्या अलीकडे, दरड पडली होती. रस्ता पूर्ण बंद. चालत माणूस कसाबसा जाईल, गाडी नाही.

फोन कुणाचाच लागत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "दरडीपर्यंत चला, भाई. तिथून उचलून पलीकडे नेऊ."

भाई मागे वळले. "पलीकडं काय हाय, डॉक्टर?"

"म्हणजे?"

"पलीकडं गाडी न्हाई. कुणाला ठावच न्हाई तर गाडी येणार कुठनं? पावसात बाईला घेऊन उभं ऱ्हावं लागंल. आधी कड्यावर जाऊ. तिथनं रेडिओ कोकणात लागतो. सात मिनटं जायला, सात यायला."

"पेशंटला घेऊन उलट्या दिशेला? पंधरा मिनिटं वाया?"

"पंधरा जात्यात, तास वाचतो."

"आणि नाही लागला तर?"

"लागंल."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, तुम्ही यांना ओळखता. तुम्ही सांगा."

हौसाचा हात माझ्या हातात होता, गार आणि ओला. तिचा नवरा काही समजत नसल्यासारखा आमच्या तोंडांकडे बघत होता. चुकलं असतं तर त्या माणसाला मी काय सांगितलं असतं? पण भाई ज्या जागेबद्दल बोलत होते ती मला माहीत होती. ती कशी सापडली तेही माहीत होतं.

"कड्यावर घ्या, भाई," मी म्हणाले.

देवराईच्या कडेने कच्ची वाट होती. झाडांखाली दिवसा संध्याकाळ झाली होती. देवराई संपली आणि धुकं असं आलं की पुढच्या चाकापुढं जमीन आहे की कोकण, ते कळेना. भाईंनी निघतानाच यंत्र चालू केलं होतं, त्यांची नजर एकदा वाटेवर, एकदा यंत्राच्या आकड्यांवर. चालण्याच्या वेगाने गाडी पुढं सरकत होती. यंत्र मुकं होतं.

ते थांबले. ऐकलं. आणखी दोन गाड्यांएवढं पुढं घेतलं.

आणि यंत्र बोलायला लागलं. कुणी बटण दाबलं नव्हतं. दोन माणसं निवांत गप्पा मारत होती, पाण्याची मोटर जळाली, तिचं वायंडिंग कुठं करून घ्यावं.

भाईंनी सीटखालचं फडकं सोडलं, सेट काढला, खाली उतरले आणि पावसात उभे राहिले. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं. त्यांनी घसा खाकरला. "ब्रेक, ब्रेक. इमर्जन्सी हाय." मग लायसनबरोबर मिळालेलं रेडिओवरचं नाव, एकेक अक्षर सुटं करून.

पलीकडून एकाने विचारलं, "नवीन आहात का? कधी ऐकलं नाही तुम्हाला."

"मी तुमाला सात वर्षं ऐकतोय," भाई म्हणाले. "मोटरचं नंतर बोला साहेब. आता लिवून घ्या."

त्यांनी सांगितलं. सावकाश, जसं दुकानात यादी सांगतात तसं. बाई, वय, घोणस, चावल्याची वेळ, दिलेलं औषध किती, अजून किती लागेल. दरड कुठं आहे त्याचे आकडे, ते त्यांना पाठ होते. रुग्णवाहिका घोडेगावहून निघाली पाहिजे. त्या माणसाने सगळं परत वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाला, "म्हणजे गाडी दरडीच्या अलीकडे थांबवायची."

"न्हाई. तुमी कोकणात हाय, तुमचं अलीकडं येगळं, आमचं येगळं. दरडीच्या पूर्वेला लिवा. पूर्वेला."

"पूर्वेला. लिहिलं. मी फोन लावतो. तुम्ही तिथंच थांबा."

तीन मिनिटं भाई तिथंच उभे राहिले, सेट कानाला लावून, दाढीतून पाणी गळत. मी हौसाची नाडी मोजत होते आणि दर वेळी आकडा विसरत होते. मग आवाज आला. घोडेगावला निरोप पोचला, गाडी निघतेय, औषध बरोबर आहे.

"मेहरबानी," भाई म्हणाले, आणि गाडीत येऊन बसले.

दरडीवर आहुप्याची माणसं आधीच पोचली होती. त्यांनी घोंगडीची झोळी केली. चिखलात, दगडांवरून, कमरेला दोर बांधून त्यांनी हौसाला पलीकडे नेलं. मी सलाइनची बाटली धरून मागे. डॉक्टर दोनदा घसरले. पलीकडच्या उतारावर आम्ही उतरलो तेव्हा रस्ता रिकामाच होता, रुग्णवाहिका आलेली नव्हती. मी मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही. दहा-बारा मिनिटांनी वळणावर निळा दिवा दिसला.

हौसा अकरा दिवसांनी घरी गेली. तिचा नवरा पुढच्या शिबिराला आला तेव्हा मी विचारलं, लावणी राहिली का तुमची? "न्हाई बाय," तो म्हणाला, "गावानं केली."

एवढ्यावर गोष्ट गोड झाली असती. पण महिन्याभरात कुणीतरी संस्थेकडे अर्ज केला की गाडीत बेकायदा वायरलेस बसवलाय. व्यवस्थापकांनी आम्हा दोघांना बोलावलं. भाई लायसनचं प्लास्टिक घेऊन बसले होते. व्यवस्थापक वाईट माणूस नव्हते, पण घाबरट होते. त्यांनी भाईंची फाइल उघडली आणि म्हणाले, "लायसनचं मी समजू शकतो. पण या यंत्राबद्दल पूर्वीही एक तक्रार आलेली आहे. आपल्याच माणसाकडून. दोन तक्रारी झाल्या म्हणजे यंत्र काढावंच लागेल."

"ती तक्रार माझी आहे," मी म्हणाले. "ती मागे घ्यायला मी तयार आहे."

मला भाईंकडे बघवेना.

भाई म्हणाले, "मागं घेऊ नका. तक्रार खरी हाय, साहेब. मी थांबत व्हतो, आन् बाबा बिनगोळ्यांचा परत गेला. ते खोटं कसं व्हणार? ती तशीच ऱ्हाऊ द्या. फक्त तिच्याखाली आहुप्याचं बी लिवा."

व्यवस्थापकांनी मला एक कोरा कागद दिला. झालेलं सगळं मी लिहिलं, वेळेसकट. डॉक्टरांनी नंतर आपली सही जोडली. यंत्र राहिलं. एक अट पडली, की वर्तुळांची यादी ऑफिसलाही द्यायची. भाईंनी ती स्वतःच्या हाताने उतरवून दिली.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "भाई, मला आधीच सांगायला हवं होतं."

"मला तवाच कळलं व्हतं. साहेबानं कागद उलटा धरला व्हता, मागनं शाई दिसत व्हती. तुमच्या हातच्या औषधाच्या चिठ्ठ्या मी रोज लोकांना वाचून देतो. तुमचा 'ळ' मला कुठं बी कळंल."

"आणि काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? तुमी बराबर व्हता," ते म्हणाले आणि मला एक वेलदोडा दिला.

भाई मागल्या वर्षी निवृत्त झाले. यंत्र त्यांचं स्वतःचं, ते त्यांनी काढून नेलं, टपावरचा डबीचा डाग रॉकेलने पुसून दिला. पण त्याआधी महिनाभर त्यांनी एक वेगळाच उद्योग केला. नवे ड्रायव्हर आले होते, आळ्याचे, चाळिशीचे, बोलघेवडे. त्यांना भाईंनी यंत्राला हात लावू दिला नाही. यंत्र बंद ठेवायचं, नव्या ड्रायव्हरने गाडी चालवायची, आणि प्रत्येक वळणावर भाईंनी विचारायचं, "हितं ऐकू येतं का?"

"आता मला काय ठाव, भाई?"

"डोंगराकडं बघा. मधी हाय का बाजूला हाय?"

"मधी हाय."

"मग?"

"मग न्हाई येणार."

"बराबर."

असं रोज, जाताना आणि येताना. फोनचंही तसंच, कुठल्या दगडावर उभं राहिलं की एक कांडी रेंज मिळते ते. नव्या ड्रायव्हरांनी पहिल्या आठवड्यात मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "शिष्टर, ह्ये माणूस ठीक हाय ना?" तिसऱ्या आठवड्यात ते भाईंनी विचारायच्या आत बोलायला लागले. मागे बसून ऐकता-ऐकता माझंही पाठ झालं. नवे डॉक्टर हसायचे, पण एकदा तेही एका वळणावर हळूच "इथे येतं" म्हणाले.

शेवटच्या गुरुवारी आम्ही आहुप्याहून परत येत होतो. दुपारची उन्हं होती, शिबिर मोठं झालं होतं, भाई पुढच्या सीटवर होते. डिंभ्याचं पाणी दिसायला लागलं तशी त्यांची मान खिडकीला टेकली. इतक्या वर्षांत मी त्यांना गाडीत झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. जलाशयाच्या कडेचं ते वळण आलं. नव्या ड्रायव्हरांनी सवयीने गाडी हळू केली, समोरच्या डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाले, "हितं न्हाई येत. पुढच्या मोरीवर येतं."

भाई हलकेच घोरत होते. ड्रायव्हरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग आरशातून माझ्याकडे.

"बरोबर," मी म्हणाले. "चला."